जगत्तुंग समुद्राकाठचे कंधार : भोकरहून एका दिवसाची सहल

भोकरपासून खरा समुद्र, मग तो कोकणातला असो की आंध्रच्या बाजूचा, सकाळी निघून रात्री परत येण्याच्या अंतरावर नाही. तरीही समुद्राकाठचे एक प्राचीन नगर नांदेड जिल्ह्याच्या हद्दीतच आहे, आणि त्याला समुद्रकाठचे म्हणण्याचा आधार हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात मिळतो. कंधार येथे सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन लेखात तेथील विस्तीर्ण जलाशयाचा उल्लेख ‘जगत्तुंग समुद्र’ असा येतो, आणि गावालगतचा तलाव आजही त्याच नावाने ओळखला जातो. मोठ्या तलावाला समुद्र किंवा सागर म्हणण्याची ही रीत एकट्या कंधारची नाही. श्रीलंकेतील पोलोन्नरुवा येथील बाराव्या शतकातील ‘पराक्रम समुद्र’ हा तिचाच प्रसिद्ध नमुना होय. एकीकडे हा तलाव, दुसरीकडे गावाजवळून वाहणारी मन्याड नदी आणि मधोमध पाण्याच्या खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, अशी या नगराची घडण असल्यामुळे कंधार पाहायचे तर ते पाण्याच्या धाग्याने पाहावे, म्हणजे विखुरलेले अवशेष एकमेकांशी जोडले जातात. जी मंडळी केवळ किल्ल्याच्या दारापर्यंत जाऊन छायाचित्रे काढून परततात, त्यांना पडक्या भिंतींखेरीज फारसे काही दिसत नाही, आणि त्यात दोष भिंतींचा नसतो.

सहलीला निघण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे, कारण जागेवर माहितीफलक किंवा मार्गदर्शक मिळेलच असे धरून चालता येत नाही. राष्ट्रकूट हे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दख्खनवर राज्य करणारे घराणे होते. वेरूळचे कैलास लेणे त्यांच्यापैकी कृष्ण पहिला याच्या नावावर जमा आहे, आणि हे राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे सध्याच्या कर्नाटकातील मळखेड, येथे होती, मात्र कृष्ण तिसरा (कारकीर्द इ.स. ९३९ ते ९६७) याचा उल्लेख ‘कंधारपुराधीश्वर’ असाही येतो, आणि कंधारच्या किल्ल्याची मूळ उभारणी परंपरेने त्याच्याच काळाशी जोडली जाते. ‘जगत्तुंग’ हे बिरुद, म्हणजे राजाने धारण केलेली गौरवाची पदवी, मात्र त्याच्याही आधीचे असून नवव्या शतकाच्या प्रारंभी राज्य करणाऱ्या गोविंद तिसऱ्याने ते धारण केले होते. या घराण्याचा दबदबा किती दूरवर पोहोचला होता हे पाहायचे असल्यास अरब व्यापारी सुलेमान याच्या नावावरचा इ.स. ८५१ चा वृत्तान्त आठवावा. त्यात जगातील चार थोर राजांची गणना करताना बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा, बादशहा यांच्या पंक्तीत ‘बल्हरा’ या नावाने राष्ट्रकूट राजाला बसवलेले आहे. वल्लभराज या पदवीचे ते अरबी रूप आहे. कंधारचा तो शिलालेख तुटक असला तरी त्यात नगरातील देवालयांची आणि त्यांना दिलेल्या दानांची माहिती येत असल्यामुळे हे गाव एकेकाळी देवळांनी गजबजलेले होते, एवढे निश्चित कळते.

राष्ट्रकूटांची सत्ता इ.स. ९७३ च्या सुमारास संपली, परंतु कंधारचे महत्त्व संपले नाही. बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा बिदरच्या कासिम बरीदाच्या जहागिरीत औसा आणि उदगीर यांच्याबरोबर कंधारही होते, आणि पुढे ते अहमदनगरच्या निजामशाहीकडे आले. या काळातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी घटना इ.स. १६३१ ची आहे. शहाजहानचा सरदार नसिरी खान याने काही महिने वेढा घालून, तटाखाली सुरुंग लावून त्या वर्षी मे महिन्यात हा किल्ला घेतला. सुरुंग म्हणजे तटाच्या पायाखाली भुयार खणून त्यात दारू ठासून उडवण्याची युक्ती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या किल्ल्याचे मुख्य बळ पाण्याच्या खंदकात आहे, त्याच्या पायाखाली भुयार खणणे पाणी भरलेले असताना अवघड असते, आणि कंधार पडले ते मे महिन्यात, तेही संत तुकारामांच्या हयातीतील १६३०-३२ च्या भीषण दुष्काळाच्या ऐन मध्यावर. तत्कालीन कागद हा संबंध स्पष्टपणे जोडतात की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु उन्हाळ्यात खंदकाच्या काठावर उभे राहणाऱ्याच्या मनात तो विचार आल्यावाचून राहत नाही. या वेढ्याचे पयाग नावाच्या मुघल चित्रकाराने काढलेले चित्र शहाजहानच्या ‘पादशाहनामा’ या सचित्र हस्तलिखितात असून ते हस्तलिखित आता इंग्लंडमधील विंडसर येथील राजसंग्रहात आहे. त्याची प्रतिमा आंतरजालावर पाहून मग किल्ल्यावर गेल्यास पाहण्याला वेगळीच धार येते. शोध घेताना एवढे लक्षात ठेवावे की फारसी ग्रंथांत कंधार आणि अफगाणिस्तानातील कंदाहार यांचे नाव एकसारखेच लिहिले जाते, त्यामुळे या गावाविषयीची काही माहिती त्या दूरच्या शहराच्या नावाखाली आणि त्या शहराची या गावाच्या नावाखाली सापडते.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळा नुकताच सरल्यामुळे तलाव आणि खंदक भरलेले असतात, ऊन सोसवते आणि तटावर वाढलेले गवत वाळू लागलेले असते. भर पावसाळ्यात दगडांवर शेवाळ चढते, जुन्या जिन्यांच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि कमरेइतक्या गवतात पाय कुठे पडतो हे दिसत नाही. मार्च उलटल्यानंतर दुपारचा काळा दगड इतका तापतो की तटावरची फेरी ही सहल न राहता शिक्षा ठरते. शाळांच्या सुट्या मे महिन्यात असल्या तरी लहान मुलांना घेऊन त्या महिन्यात जाणे टाळावे. हिवाळ्यातही एक काळ तारीखवार पाहून सोडावा. लोह्याजवळच्या माळेगाव येथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, आणि घोडे, गाढवे व बैल यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या यात्रेच्या दिवसांत नांदेड-लोहा रस्त्यावर गाड्यांना उभे राहायलाही जागा मिळत नाही. यात्रा पाहणे हा स्वतंत्र आनंद आहे. तो कंधारच्या दिवसात कोंबू नये.

भोकर ते कंधार हा प्रवास साधारण १०० किलोमीटरचा असून एस.टी.ने गेल्यास नांदेडला गाडी बदलावी लागेल असे धरून एका बाजूचे तीन तास मोजावेत. भोकरहून निघालेला रस्ता सीताखांडीचा घाट उतरून बारडकडे जातो. घाट लहान असला तरी वळणे फसवी असल्यामुळे स्वतःचे वाहन असणाऱ्याने पहाटेच्या अंधारात आणि रात्री परतताना तेथे घाई करू नये. बारडपासून भोकर फाट्यापर्यंत केळीच्या बागा सोबत करतात. रेल्वेने जाणाऱ्यास भोकरहून मुदखेडमार्गे नांदेडपर्यंत येता येते, परंतु कंधारला रेल्वे नसल्याने पुढचा टप्पा बसचाच आहे, आणि या रेल्वेमार्गावर गाड्या मोजक्या असल्यामुळे एका दिवसाच्या सहलीत रेल्वेच्या वेळेवर विसंबणे शहाणपणाचे नाही. नांदेडहून लातूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ गोदावरी ओलांडून विष्णुपुरी, सोनखेड करीत लोह्याला पोहोचतो, आणि लोह्याहून कंधारचा फाटा धरला की उरते अंतर सुमारे १५ किलोमीटर. भोकर आणि कंधार ही दोन्ही एस.टी.ची आगारे, म्हणजे गाड्या ठेवण्याची व सोडण्याची ठाणी, असल्याने नांदेडच्या बाजूने गाड्या बऱ्यापैकी मिळतात. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट पडते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. वयाच्या पुराव्यासाठी मूळ आधार कार्ड जवळ असावे. घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचा खर्च त्यामुळे फारच आटोक्यात येतो. भोकरहून सकाळी सहाच्या आत निघाल्यास नऊ-साडेनऊपर्यंत किल्ल्याच्या दारात पोहोचता येते, आणि तेच साधावे.

खरे तर पाण्याच्या वाटेने चालायचे तर आधी तलाव आणि मग किल्ला हा क्रम तर्काला धरून होईल. पण उन्हाचा विचार केला तर किल्ला सकाळी आणि तलाव सायंकाळी हाच क्रम सोयीचा ठरतो, आणि येथे उन्हाचे ऐकावे.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे, म्हणजे डोंगराचा आधार न घेता सपाट भूमीवर बांधलेला कोट. डोंगरी किल्ल्याला निसर्ग जे संरक्षण देतो ते भुईकोटाला माणसाने घडवावे लागते, आणि त्यामुळेच राजगड-रायगड पाहून सरावलेल्या डोळ्याला येथे प्रथम काहीसे निराश वाटले तरी बांधकामाची हुशारी पाहायची तर ती भुईकोटातच अधिक उघडपणे दिसते. पहिला अडथळा खंदकाचा. तो ओलांडून आत जाण्यापूर्वी बाहेरच्या काठाने जमेल तेवढे चालून घ्यावे. पाण्याची रुंदी, काठाची बांधीव भिंत आणि पलीकडे उभ्या बुरुजांचे प्रतिबिंब यांतून शत्रूच्या शिडीला, तोफेच्या गाड्याला आणि सुरुंगाच्या भुयाराला हे पाणी कसे अडवत असेल याचा अंदाज येतो. खंदकाच्या आतल्या बाजूस बुटका बाहेरचा तट आणि त्याच्या मागे उंच मुख्य तट अशी दुहेरी रचना आहे. या दोहोंमधील चिंचोळ्या पट्ट्याला दुर्गशास्त्रात रेवणी म्हणतात. बाहेरचा तट चढून आलेला शत्रू या पट्ट्यात अडकावा आणि वरून त्याच्यावर मारा व्हावा, हा तिचा हेतू. बुरूज म्हणजे तटातून बाहेर काढलेला गोलाकार भाग, ज्यावरून तटाच्या पायथ्याशी आलेल्या माणसावर बाजूने नेम धरता येतो. तटाच्या माथ्यावरील पाकळ्यांसारखे दगडी कंगोरे म्हणजे चर्या, आणि त्यांच्याखाली बंदुकीची नळी बसेल एवढी तिरपी भोके म्हणजे जंग्या. मुलांना सोबत नेले असल्यास एखाद्या जंगीतून बाहेर पाहायला सांगावे: आतून खालची जमीन बरीच दिसते, बाहेरून मात्र बोटभर अंधार.

प्रवेशमार्ग सरळ नाही, आणि यात योगायोग काही नाही. वाट वळवून नेल्यामुळे हत्तीला किंवा ओंडका घेऊन येणाऱ्या सैनिकांना दारावर धडक मारण्यासाठी धाव घेता येत नाही, आणि एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा माणूस सतत कोणत्या ना कोणत्या बुरुजाच्या माऱ्याखाली राहतो. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या तटबंद शहरांतही वेशीमागे अशीच वळणे आढळतात. वेढ्यांचा अनुभव दोन्हीकडे सारखाच शहाणपणा शिकवून गेला. दरवाजातून जाताना आतल्या बाजूस भिंतीत समोरासमोर असलेली चौकोनी भोके पाहावीत. दार लावल्यावर आडवा घालायचा लाकडी सोट, म्हणजे अडसर, त्यांत बसत असे. पहारेकऱ्यांसाठी दाराच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या ओसऱ्यांना देवड्या म्हणतात, आणि दुपारी विसावा घ्यायला आजही त्यांच्याइतकी गार जागा किल्ल्यात दुसरी नाही.

आतील इमारतींत राणीमहल, शीशमहल, अंबरखाना अशी नावे रूढ आहेत. अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार. महालांची नावे ऐकून आरशांची किंवा रंगकामाची अपेक्षा ठेवू नये. बहुतेक ठिकाणी कमानी, जोती, भिंतींतले कोनाडे आणि कुठे कुठे चुन्याच्या गिलाव्यावरील नक्षी एवढेच उरले आहे. मशीद आणि अरबी-फारसी लेख हे सुलतानी काळाचे साक्षी. परंतु ज्याला या किल्ल्याचे वेगळेपण समजून घ्यायचे आहे त्याने महालांपेक्षा अधिक वेळ भिंतींना आणि जागोजागी ठेवलेल्या शिल्पखंडांना द्यावा. तटाच्या आणि इमारतींच्या बांधकामात जुन्या देवळांचे घडीव दगड वापरलेले दिसतात, आणि गावात व परिसरात सापडलेल्या हिंदू व जैन मूर्तींचे अवशेषही पाहायला मिळतात. एखादा दगड साधा ठोकळा म्हणून ओलांडण्यापूर्वी त्याची कड पाहावी. कडेला घडीव पट्ट्या, कमळाच्या पाकळ्या किंवा लहान चौकटीतली आकृती दिसली, तर तो दगड मुळात देवळाच्या जोत्याचा, खांबाचा किंवा द्वारशाखेचा, म्हणजे दाराच्या नक्षीदार उभ्या बाजूचा, असण्याची शक्यता मोठी. अशा पुनर्वापरामागे प्रत्येक वेळी विध्वंसच असतो असे नाही; ओस पडलेल्या वास्तूंचा घडीव दगड नव्या बांधकामास वापरणे ही सर्व काळांतली आणि सर्व धर्मीयांतली सोय होती. कोणत्या दगडामागे काय घडले हे त्या दगडावरून ठरवता येत नाही, आणि सहलीच्या गप्पांत ते ठरवून टाकण्याची घाई करू नये.

कोरीव लेख वाचण्याची हौस असणाऱ्याने सकाळच्या तिरप्या उन्हाचा लाभ घ्यावा. डोक्यावर सूर्य आला की अक्षरांच्या खाचांतली सावली नाहीशी होते आणि सकाळी स्पष्ट वाटलेला लेख दुपारी सपाट दगड होऊन बसतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, हळद किंवा तेल फासण्याची सवय मात्र सर्वथा टाळावी, कारण त्यामुळे दगडाचा पृष्ठभाग कायमचा बिघडतो. एका बाजूने धरलेल्या मोबाइलच्या प्रकाशाने तेच काम दगडाला धक्का न लावता होते. हा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे आणि अशा स्मारकाची नासधूस करणे हा १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायद्याखाली गुन्हा आहे. बुरुजांच्या वळचणीला आग्यामोहळे असू शकतात. तेथे धूर, फटाके, मोठा आवाज आणि उग्र अत्तर यांपैकी काहीही चालत नाही. खंदकाच्या काठाला कठडा असेलच असे गृहीत धरू नये, आणि स्वतःचे छायाचित्र काढण्यासाठी चर्यांवर चढणाऱ्या तरुणांना सोबतच्या वडीलधाऱ्यांनी वेळीच खाली उतरवावे. किल्ल्यासाठी तीन तास पुरतात. इतिहासाची आवड असल्यास चारही कमी पडतात.

जेवणाचा प्रश्न बसस्थानकाच्या परिसरात सुटतो, तरीही घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून नेणे हे मराठवाड्यातील प्रवासाचे जुने शहाणपण कंधारलाही लागू पडते. धपाटे दिवसभर मऊ राहतात, त्यांना ताटवाटी लागत नाही, आणि गावात भजी-चहा मिळाला की बेत पुरा होतो. माणशी दोन लिटर पाणी निघतानाच जवळ असावे. स्वच्छतागृहासाठी बसस्थानकाचाच विचार करून मग किल्ल्याकडे वळावे, विशेषतः महिला आणि ज्येष्ठ सोबत असल्यास.

दुपारचा वेळ गावासाठी आणि मानसपुरीसाठी ठेवावा. कंधार हे सुफी परंपरेचेही गाव आहे. हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक येतात. आत जाताना डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि छायाचित्रासाठी तेथील खादिमांची, म्हणजे सेवेकऱ्यांची, परवानगी घ्यावी. वारकरी मंडळींना साधू महाराजांच्या मठाचे नाव परिचित असतेच. जुन्या राजकारणाची आठवण असलेल्यांना कंधार म्हटले की भाई केशवराव धोंडगे आठवतात. शेतकरी कामगार पक्षाच्या या नेत्याने विधानसभेत आणि १९७७ नंतरच्या लोकसभेत मन्याड खोऱ्याची बोली गाजवली, आणि १ जानेवारी २०२३ रोजी वयाची शंभरी गाठून ते गेले.

कंधारलगतच्या मानसपुरी शिवारात क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष मिळाले आहेत. क्षेत्रपाल म्हणजे नगराचे किंवा देवस्थानाचे रक्षण करणारी देवता. मूर्ती आज अखंड नाही. तिचे सुटे अवयव तेवढे उरले आहेत, परंतु केवळ पाऊल पाहिले तरी संपूर्ण मूर्ती कित्येक पुरुष उंचीची असली पाहिजे हे मोजमाप न करताही कळते. येथे दहा मिनिटे शांतपणे थांबावे. एवढी मूर्ती घडवायला लागणारा दगड, तो हलवायला लागणारी माणसे, ती उभी करण्याचे तंत्र आणि तिच्या प्रमाणात भोवतीचे नगर, या सर्वांचा हिशेब मनात केला की शिलालेखातील नगरवर्णन कविकल्पना राहत नाही. जागा विचारत विचारत जावी लागते, आणि वाटेतल्या शेतांत गर्द लाल रंगाची, मध्यम बांध्याची गुरे दिसली तर तेथेही थबकावे. ती या भूमीच्या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या लाल कंधारी वाणाची आहेत.

दिवसाचा शेवटचा टप्पा जगत्तुंग समुद्राचा. चारच्या सुमारास तेथे पोहोचावे. पाण्याची शोभा पाहायला कोणी शिकवावे लागत नाही, पण तलाव वाचायला थोडी तयारी लागते, आणि त्यासाठी आंध्रातील पोरुमामिळ्ळ येथील इ.स. १३६९ चा शिलालेख उपयोगी पडतो. विजयनगरच्या काळातील या लेखात उत्तम तलावाची बारा अंगे सांगितली आहेत, त्यांपैकी काही अशी: जलशास्त्र जाणणारा माणूस हवा, तळाची माती कठीण हवी, गोड्या पाण्याची नदी हवी, दोन उंचवट्यांच्या मधोमध फार लांब नसलेला मजबूत बांध हवा, दगडाची खाण जवळ हवी, खाली भिजायला सुपीक शेते हवीत, आणि बांधकामात तरबेज माणसांचा ताफा हवा. बांधाला गळती असणे, जमीन खारट असणे अशा काही दोषांपासून तलाव मुक्त असावा, असेही तो लेख बजावतो. राष्ट्रकूटांचा तलाव त्याआधी चार-पाचशे वर्षांचा असला तरी ही कलमे हाताशी धरून काठावर फिरल्यास प्रश्न आपोआप सुचू लागतात: उतार कोणत्या बाजूने येतो, बांध कुठे सुरू होऊन कुठे टेकतो, सांडवा, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर सोडण्याची वाट, कुठे आहे, आणि खालच्या अंगाला शेते व गाव कसे वसले आहे. किल्ल्याच्या खंदकातील पाण्याचे नाते या तलावाशी जोडले जाते. सकाळी पाहिलेला खंदक आणि आताचा तलाव यांची पातळी मनात ताडून पाहणाऱ्याला त्या सांगण्यामागचा अर्थ उमगतो. पोहण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या तलावांच्या तळाशी गाळ खोल असतो आणि काठावरून तो दिसत नाही. प्लॅस्टिकची ताटे व पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून परत नांदेडला किंवा भोकरला न्याव्यात. ज्या पाण्याला दहाव्या शतकात समुद्र म्हणून लेखात स्थान मिळाले, त्यात एकविसाव्या शतकाने द्रोण-पत्रावळी सोडाव्यात हे शोभत नाही.

अनेकांना एका दिवसात कंधार, माळेगाव, विष्णुपुरीचा बंधारा आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा असे सर्व उरकावेसे वाटते, आणि खाजगी वाहनांचे चालकही तसाच बेत सुचवतात. तसा बेत केल्यास प्रत्येक ठिकाणी तासभर मिळतो आणि संध्याकाळी कुठे काय पाहिले याचा गोंधळ उरतो. कंधारला पूर्ण दिवस द्यावा. नांदेडला भोकरच्या माणसाचे जाणे-येणे एरवीही होतच असते.

संध्याकाळनंतर कंधारहून नांदेडकडे आणि नांदेडहून भोकरकडे जाणाऱ्या गाड्या विरळ होतात, म्हणून दोन्हीकडच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी जातानाच त्या त्या बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारून लिहून ठेवावी, आणि पाचनंतर कंधारात रेंगाळू नये.